पाणी प्यालेलं वॉलेट

वसईच्या वाड्यांमधलं घर कुठलंही असो, पुढच्या खोलीत एक काचेची शोकेस असतेच. तिच्यात कुवेतहून आणलेला आणि कधीच जेवायला न काढलेला डिनर सेट असतो, बाळ येशू असतो आणि पोरांना शाळेत मिळालेल्या ढाली असतात. डायना तुस्कानोनं घरचा डिनर सेट उचलून पोटमाळ्यावर टाकला, स्वतःच्या ढाली त्याच्या मागोमाग पाठवल्या, बाळ येशूला वरच्या फळीवर सरकवलं आणि उरलेल्या जागेत लाल मखमल अंथरून मेलेली वॉलेट्स मांडली. गावानं कपाळाला हात लावला. डायना हायस्कूलात इतिहास शिकवायची. पन्नाशी ओलांडली होती, लग्नाच्या भानगडीत ती पडली नव्हती, आणि गावाच्या कपाळाची तिला फारशी फिकीर नव्हती.

वॉलेट म्हणजे चामड्याचं पाकीट नव्हे. बिटकॉइन नावाचं डोळ्यांना न दिसणारं नाणं निघालं, तेव्हा ते घेणाऱ्यांनी त्याची किल्ली सांभाळायला बोटाएवढं एक यंत्र घेतलं. कुणाचं पेनड्राइव्हसारखं, कुणाचं मोटारीच्या चावीसारखं, कुणाचं पत्त्यासारखं चपटं. नवीन मॉडेल आलं की लोक जुनं फेकायचे आणि डायना ते उचलून आणायची. फुलपाड्याच्या विघ्नेशचं, त्याच्या कुत्र्यानं चावलेलं एक तिच्याकडे होतं, दातांच्या खुणांसकट. आचोळ्याच्या एका इंजिनिअरिंगच्या मुलीनं स्वतः झाळून बनवलेलं, आतल्या तारा उघड्या दिसणारं एक होतं. एक तर चक्क नकली होतं, लोकांची किल्ली चोरण्यासाठीच बनवलेलं. ते तिच्या विशेष लाडाचं. ज्या पैशाची नक्कल होते तो पैसा कधीतरी खरा होता, असं ती मुलांना सोपाऱ्याची जुनी नाणी दाखवताना सांगायची, आणि घरी येऊन या वॉलेटकडे बघून तेच स्वतःला सांगायची.

"यातून एक तरी कॉइन निघालं का ग तुला?" असं येणारा प्रत्येक पाहुणा विचारायचा.

"मला कॉइन नकोच आहे, मला डबी हवी," असं म्हणून ती चहा टाकायला उठायची.

शोकेसच्या मधोमध जे वॉलेट होतं, ते मात्र कुणाचं हे गावात कुणाला विचारावं लागत नव्हतं. ते तिच्या धाकट्या भावाचं, मायकलचं होतं, आणि ते कशानं मेलं हे गावातलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं.

त्यांच्या गावात कुणी परदेशी निघालं की आदल्या संध्याकाळी घरी रोझरी होते. शेजारीपाजारी जमतात. जाणाऱ्याचा पासपोर्ट, तिकीट, आणखी जे काही जिवाभावाचं असेल ते पितळी ताटात घालून आल्तारापुढे, म्हणजे घरातल्या देव्हाऱ्यापुढे ठेवतात, आणि प्रार्थना संपली की घरातलं मोठं माणूस चर्चमधून आणलेलं पवित्र पाणी त्यावर शिंपडतं. मायकल कॅनडाला निघाला तेव्हा त्यांच्या आयनं, मटिल्डानं, पासपोर्टाशेजारी ते यंत्रही ठेवलं. महिनाभर पोरगा घरभर सांगत फिरत होता की यात माझं सगळं भविष्य आहे. मग आई काय थेंबांवर भागवणार? तिनं बाटलीचं बूच काढलं आणि भविष्यावर सरळ धार धरली.

पासपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत होता, तो वाचला. मायकलनं यंत्र पुसून पुसून लॅपटॉपला लावलं, पण त्याचा इवलासा पडदा काही उजळला नाही. भरल्या खोलीत तो डोकं धरून बसला. "बुडवलंस मला, आय," एवढंच बोलला. यंत्र त्यानं खिडकीतून केळीत भिरकावलं आणि दुसऱ्या दिवशी विमानात बसला.

गावाला दुसरं काय हवं होतं? त्या रविवारी चर्चमध्ये मिस्सा सुरू व्हायच्या आत गोष्ट सगळ्या आळींतून फिरून आली. कुणाचा मोबाइल विहिरीत पडला, कुणाच्या मिक्सरमध्ये पाणी गेलं, की लोक म्हणायचे, मटिल्डाचा आशीर्वाद लागला. पुढे बिटकॉइनचा भाव चढत गेला. टीव्हीवर आकडा आला की बायका मान वळवून मटिल्डाच्या घराकडे बघायच्या. भाव चढेल तसं म्हातारीचं पापही चढत गेलं. त्या दिवसापासून मटिल्डानं पवित्र पाण्याच्या बाटलीला हात लावला नव्हता. डायना शाळेच्या सहलीला निघाली तरी आय दारापर्यंत यायची आणि हात पाठीमागे बांधून उभी राहायची. डायनाला ते हात बघवत नसत.

केळीतून ते यंत्र डायनानंच शोधून काढलं होतं. आपल्या आईला जिनं गुन्हेगार ठरवलं ती वस्तू आहे तरी काय, हे तिला कळून घ्यायचं होतं. त्या एका वस्तूपायी ती दुसरी बघायला गेली, दुसरीपायी तिसरी, आणि असा तो संग्रह झाला. त्यात अगदी पहिल्या आठवड्यात तिला कळलं ते हे, की नाणं त्या डबीत नसतंच. डबी घेताना मालकाला काही शब्द मिळतात. ते शब्द जवळ असले की डबी जळो, बुडो, कुत्रा खावो, नव्या डबीत ते शब्द घातले की सगळं जिथल्या तिथं परत मिळतं. आणि मायकलनं आपले शब्द लिहिलेला कागद लॅमिनेट करून नेला होता, हे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं.

म्हणजे बुडालं काहीच नव्हतं. कॅनडात पोचल्यावर त्यानं सगळं परत मिळवलं असणार आणि सांगायला विसरला असणार, विसरण्यात तो पहिल्यापासून हुशार. डायनानं हे आयला समजावून सांगितलं होतं. आयनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माजं मन राखायला बोलतेस, बाय. मला कळतं." एकट्या आयला सांगून उपयोग नव्हता. ज्या गावानं तिला बोल लावला त्या गावानंच हे वाचायला हवं होतं.

म्हणून यंदा चर्चच्या सणाला जुन्या वस्तूंचं प्रदर्शन ठरलं, तेव्हा डायनानं पहिल्या दिवशीच टेबल मागितलं. समितीचे प्रमुख क्लेमेंटसर. डायना शाळेत लागली तेव्हा ते हेडमास्तर होते आणि अजूनही तिला वर्गातल्या आवाजात हाक मारायचे. त्यांनी लगेच होकार दिला होता. मग सण चार दिवसांवर आला असता ते स्वतः घरी आले, शोकेससमोरच्या खुर्चीत बसले आणि चहा नको म्हणाले. सर चहा नको म्हणाले की काहीतरी बिनसलेलं असतं.

"डायना, बाकीच्या वस्तू मांड," ते म्हणाले. "ती मधली नको. आणि तिचं कार्ड तर नकोच. पवित्र पाण्यानं यंत्र बिघडलं असं चर्चच्या मांडवात लिहायचं? लोक पाण्याची थट्टा करतील."

"लोक पाण्याची थट्टा करत नाहीत, सर. माझ्या आयची करतात. आज इतकी वर्षं करतात. तेव्हा समिती कुठे होती?"

"तो वेगळा विषय आहे. शिवाय हा सट्ट्याचा माल. जुन्या वस्तू म्हणजे तांब्याचे हंडे, रहाटाची गाडगी."

"तुम्ही तुमचं पोर्तुगीजांच्या वेळचं बुजरूक नाणं मांडणार आहात ना? तो पैसाच होता. तो ज्याच्या हातात असताना बंद पडला, त्यानंही शिव्या घातल्या असतील. आज तुम्ही त्याला कापसात ठेवता."

सरांना हसू आलं आणि ते त्यांनी मिशीत दाबलं. मग ते उठले, चपला घालता घालता म्हणाले, "हे बघ, मी मधल्यामध्ये वाईट होतोय. मायकलचाही फोन होता. तो स्वतः येतोय, उद्घाटन त्याच्या हातून आहे, हॉलच्या छपराला त्यानं मदत केलीय. त्यालाच हे नकोय म्हटल्यावर तू कशाला ताणतेस?"

डायना दारातच उभी राहिली. सरांची स्कूटर वळणापलीकडे गेली तरी ती तिथंच होती. हे मायकलला का नको असावं, हे काही केल्या तिच्या डोक्यात बसेना. आयचं नाव धुऊन निघणार होतं, त्याच्या खिशातून एक पैसा जाणार नव्हता. संध्याकाळी, तिकडे सकाळ झाली असेल असा हिशेब करून, तिनं त्याला फोन लावला.

"टेबल ठेव ग, डायनाबाय," तो म्हणाला. "माझं तेवढं काढ. लोक आयला हसतात."

"ते हसतात, कारण त्यांना वाटतं तुझं सगळं बुडालं. तुझ्याकडे शब्द होते. नव्या डबीत घातलेस आणि सगळं परत मिळालं. तेच मी लिहिणार आहे. आय सुटेल."

तिकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"परत मिळायला काही नव्हतंच," तो म्हणाला. "कॉइन आधीच विकून टाकले होते मी. व्हिसाच्या एजंटला द्यायला. पण सगळ्यांना सांगून बसलो होतो ना, ठेवलेत, मरेपर्यंत विकणार नाही म्हणून. जीनाच्या घरच्यांनाही, लग्न ठरवताना. मग आयनं पाणी ओतलं आणि मला एकदम सुटल्यासारखं झालं."

"सुटल्यासारखं झालं म्हणून आयला म्हणालास बुडवलंस?"

"तोंडातून गेलं ते. गेल्यावर परत कसं घेणार? आणि इथं मी ती गोष्ट मजेनं सांगतो ग. पार्टीत सगळे हसतात. आयला कुणी वाईट म्हणत नाही."

डायनाच्या अंगाची लाही झाली. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण ती मुलांना वर्षानुवर्षं फळ्यावर लिहून देत होती, आणि संन्यासी तिच्याच घरात हात पाठीमागे बांधून उभा होता. तिला ओरडायचं होतं, पण आय आत आल्तारापाशी मेणबत्ती लावत होती.

"मी येतोय ना," मायकल म्हणत होता. "मी स्वतः बोलतो आयशी, सावकाश. जीनालाही सांगेन. तोवर कार्ड लावू नकोस, प्लीज."

"तू ये," डायना म्हणाली. "कार्ड असेल."

फोन ठेवल्यावर मात्र तिचा धीर गेला. गावाशी भांडणं सोपं होतं. आयला सांगायचं कसं? पोरानं तुझ्या माथ्यावर दगड ठेवला आणि स्वतः मोकळा झाला, हे कुठल्या तोंडानं बोलायचं? ती एक दिवस गप्प राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी आय ओटीवर वालाच्या शेंगा सोलत बसली होती, तेव्हा डायना तिच्याजवळ बसली, मूठभर शेंगा ओढून घेतल्या आणि सगळं जसंच्या तसं सांगून टाकलं.

मटिल्डाचे हात थांबले. "आदीच विकले होते?"

"हो."

"मग माज्या पान्यानं काय बुडलं?"

"ती डबी. दुसरं काही नाही."

आय पुन्हा शेंगा सोलायला लागली. चांगली ओंजळभर सोलून झाल्यावर म्हणाली, "मी दर कन्फेशनला हेच सांगत होते. फादर म्हनायचे, मटिल्डा, हे पापच नाय. मी म्हनायची, फादर, तुमाला आकडा म्हाईत नाय." तिनं पदरानं नाक पुसलं आणि टोपलीतली एक किडकी शेंग उचलून अंगणात जोरात फेकली. डायनानं आयला काहीही असं फेकताना आजवर पाहिलं नव्हतं.

"कार्ड लिवलंस?"

डायनानं आतून कार्ड आणलं. आयनं ते हात लांब करून वाचायचा प्रयत्न केला आणि परत दिलं. "अक्षर मोटं काड. माज्या वयाच्या बायका चष्मा घरी ठेवून मिस्साला येतात."

"मायकल सगळ्यांसमोर उघडा पडेल, आय."

"मी पन सगळ्यांसमोरच पडले होते," मटिल्डा म्हणाली आणि सोललेले वाल घेऊन आत गेली.

सणाच्या दिवशी क्लेमेंटसरांच्या मांडवात डायनाचं टेबल नव्हतं. पण चर्चकडून मांडवाकडे जाणारी वाट तुस्कानोंच्या वाडीच्या कडेनं जाते, आणि तिथंच त्यांची जुनी विहीर आहे. रहाट केव्हाच गेला, पंप आला, पण बैल फिरायचे तो गोल ओटा अजून शाबूत आहे. पहाटे डायनानं तो झाडून घेतला, दोन बाकं जोडली, मखमल अंथरली आणि सगळी वॉलेट्स मांडली, कुत्र्यानं चावलेलं, हातानं झाळलेलं, नकली, सगळी. मधोमध मायकलचं. त्याच्यापुढे पुठ्ठ्यावर लांबून दिसेल अशा अक्षरात लिहिलं होतं:

'मायकल तुस्कानो याचं वॉलेट. आईच्या पवित्र पाण्यानं बंद पडलं. त्याआधीच त्यानं सगळे कॉइन विकले होते. पाण्यानं कुणाचं काहीही बुडालं नाही.'

मिस्सा सुटली. लोक गप्पा मारत मांडवाकडे निघाले आणि विहिरीपाशी अडले. पहिल्यांदा वाचणाऱ्या बाईनं मागचीला वाचून दाखवलं, तिनं तिच्या मागचीला. चष्मे घरी ठेवून आलेल्या सगळ्याजणींपर्यंत ते अशा रीतीनं पोचलं. कुणी हसलं नाही. दुकानदार एल्रॉय, ज्याच्या तोंडी मटिल्डाचा आशीर्वाद दिवसातून दोनदा असायचा, तो कार्ड वाचून गर्दीत मागे मागे सरकत गेला. पुढे मांडवात रिबीन ताणून धरलेली आणि कापायला कुणी नाही, अशी अवस्था झाली.

मग सर आले, आणि त्यांच्याबरोबर विमानतळावरून थेट आलेला मायकल, गळ्यात हार, अंगात राखाडी कोट, जानेवारीतही घामाघूम.

"डायना, हे काढून टाक," सर म्हणाले. "मी तुला सांगितलं होतं."

"मांडव तुमचा आहे, सर. तिथं मी पाऊल टाकलेलं नाही. ही विहीर माझ्या आजोबांनी खणली."

सरांनी रागानं कार्ड वाचलं. मग चष्मा पुसून परत वाचलं आणि मायकलकडे वळले. "हे खरं आहे?"

मायकल बुटांकडे बघत होता. त्याला पळता आलं असतं. गळ्यात हार होता, मांडव वाट बघत होता, आणि खोटं रेटायची त्याला एवढ्या वर्षांची सवय होती. पण ओट्यावर, बाकांच्या मागे, त्याची आय उभी होती आणि आज तिचे हात पाठीमागे नव्हते. "खरं आहे, सर," तो म्हणाला.

सरांनी खाकरून घसा साफ केला. "ठीक आहे. पण पवित्र पाण्यानं बंद पडलं हे वाक्य तरी..."

"पडलंच बंद," मटिल्डा म्हणाली. "पानी होतं ते. पान्यानं काय होईल दुसरं? मी लेकराला आशीर्वाद दिला, त्याची डबी भिजली. यात मी काय लपवायचं?"

तिच्या हातात बाटली होती, आल्तारावरची. तिनं बूच काढलं. डायनाला तोवर कळलं नाही ती काय करणार आहे. मटिल्डा बाकाच्या एका टोकापासून निघाली आणि तळहातावर पाणी घेऊन एकेका वॉलेटवर शिंपडत चालली. कुत्र्यानं चावलेल्यावर, पत्त्यासारख्या चपट्यावर, नकलीवर. हातानं झाळलेल्या, उघड्या तारांच्या वॉलेटपाशी ती पोचली तेव्हा डायनाचा हात आपसूक पुढे झाला. एवढी वर्षं तिनं त्याला ओल्या हातानं कुणाला शिवू दिलं नव्हतं. तिनं हात मागे घेतला.

"भिजू दे, आय," ती म्हणाली.

शिंपडून झालं. मखमल ठिकठिकाणी काळी पडली. मटिल्डा ओट्यावरून खाली उतरली आणि पोरासमोर उभी राहिली. तो परवा परत जाणार होता, आणि निघाल्या दिवसापासून त्याच्या डोक्यावर आईचं पाणी पडलेलं नव्हतं. दोघांच्याही ते ध्यानात होतं.

"वाक खाली," ती म्हणाली.

मायकल वाकला. वाकता वाकता सवयीनं त्याचा हात कोटाच्या खिशाकडे गेला आणि त्यानं फोन बाहेर काढायला घेतला.

"राहू दे खिशात," मटिल्डा म्हणाली, आणि बाटली उपडी केली.